शेरा: नकार

३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दोन महिने पत्र नाही म्हणून कान उपटणार असशील तर उपट, पण आधी हे वाच. आणि आईच्या हाती लागू देऊ नकोस. तुम्ही दोघी बहिणी एका घरात राहता, तरी एवढं जमव.

सोमवारी यार्डात अचानक लघवीची तपासणी झाली. नशा करून कुणी क्रेन चालवू नये म्हणून ती असते, आणि त्याला माझी हरकत नाही. मी तर सिगारेटही ओढत नाही. पण नमुना द्यायचा तो तपासनिसाच्या देखत. तो माझ्यामागे कमरेवर हात ठेवून उभा, आणि मी भिंतीकडे तोंड करून, हातात डबी घेऊन. तीन तास गेले, सहा पेले पाणी झालं. पोट टम्म फुगलं, डोळे भरून आले, पण एक थेंब उतरला नाही. शेवटी त्याने घड्याळ पाहिलं आणि अर्जावर शेरा मारला: नमुना देण्यास नकार.

मावशी, मी नकार दिला नव्हता. तसं सांगितलं तर तो म्हणाला की सगळे असंच म्हणतात. आता मला क्रेनवरून उतरवून कोठारात साखळ्यांना तेल लावायला बसवलंय. एकवीस तारखेला चौकशी आहे. शेरा कायम राहिला तर लायसन्स जाणार. अकरा वर्षं त्या केबिनमध्ये बसलोय, मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही.

आता खरं सांगतो. आसपास कुणी असलं की मला होतच नाही, अगदी शाळेपासून. यार्डातल्या मुतारीचे आडोसे कमरेएवढे. म्हणून कामावर मी पाणीच पीत नाही. कोठारामागे एका जुन्या संडासाला कडी आहे, सगळे जेवायला बसले की तिथे जातो. लोक समजतात, मी जेवणाच्या सुट्टीतही काम करतो! तू इतकी वर्षं नर्स होतीस. एखादी गोळी असेल तर कळव.

तुझी बोलणी खायला तयार असलेला,
चिमण


७ मार्च

चि. चिमण यास,
अ. उ. आ.

नऊ तास पाणी पीत नाहीस? घोड्या, समोर असतास तर पाठीत धपाटा घातला असता. उद्यापासून बाटली घेऊन जा. ही माझी पहिली आणि शेवटची गोळी.

तुझ्या शरीरात काही बिघडलेलं नाही. भीतीने आतली कडी लागते, एवढंच. वॉर्डात पैलवानांसारखे गडी पाहिलेत मी, भांडं हातात घेऊन रडकुंडीला आलेले. मी पडदा ओढायची, नळ सोडायची आणि चालू लागायची. उपाय नळाचा नव्हता, माझ्या चालू लागण्याचा होता. तुझ्या तपासनिसाला तेवढी अक्कल नाही.

तर आता ऐक. डॉक्टरकडून लेखी घे आणि रक्त तपासा म्हणून अर्ज कर. आणि थोडा सराव कर. कुणाला तरी दाराबाहेर लांब उभं कर, रोज दोन पावलं जवळ येऊ दे. तुझा तो खालचा सिग्नलवाला आहे ना? त्याच्या हाताच्या खुणेवर तू टनावारी लोखंड माणसांजवळून नेतोस. मग त्याला एवढं सांगायला कसली लाज?

आणखी एक. तुझे बाबा आमच्या माहेरी कधी मुक्कामाला राहिले नाहीत. जेवले की निघाले. आमच्या मोरीला दार नव्हतं, पडदा होता, आणि पलीकडे सगळं घर बसलेलं. कारण त्यांनी फक्त मला सांगितलं, तेही शपथ घालून. तुझी आई अजून म्हणते की त्यांना आमचं घर कमीपणाचं वाटायचं. ते जाऊन सहा वर्षं झाली, पण मी शपथ मोडली नाही. आज तुझ्यासाठी मोडली.

रागावले तरी तुझ्याच बाजूची,
मावशी


२२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सिग्नलवाल्याला सांगितलं. तो हसला नाही, किती पावलांपासून सुरू करायचं तेवढं विचारलं. बोललं की माझं अवघडतं, म्हणून आम्ही कामाच्याच खुणा ठेवल्या. कोठारामागच्या संडासाच्या दारावरून मी हात बाहेर काढायचा. बोटं हलवली की ये, मूठ वळली की थांब. वीस पावलांवरून आम्ही सहावर आलो.

तिथे घोटाळा झाला. यार्डात नियम आहे, थांबण्याची खूण कुणाचीही दिसो, क्रेन थांबलीच पाहिजे. बुधवारी मी मूठ वळली ती पलीकडच्या क्रेनवाल्याने पाहिली. भला माणूस, त्याने लोखंडी तुळई हवेतच थांबवली. भोंगा वाजला, अपघात झाला म्हणून चाळीस माणसं धावत आली. पाहतात तर संडासाच्या दारावर एक मूठ!

कडी काढेपर्यंत वाटलं, इथून पळून जावं. मग मात्र डोकंच फिरलं. मी काय चोरी केली होती? बाहेर आलो आणि सगळ्यांना सांगून टाकलं. काही खदखदून हसले. हसोत. अकरा वर्षं ज्याला भीत होतो ते दोन मिनिटांत होऊन गेलं.

म्हणून काल चौकशीत आवाज कापला नाही. तुझ्या सांगण्याप्रमाणे डॉक्टरचं पत्र ठेवलं. साहेब समजुतीने म्हणाले की रक्त घेतो, प्रकरण इथेच मिटवू, वाच्यता नको. मी म्हणालो की रक्त घ्या, पण नकार हा शब्द माझ्यासमोर खोडा आणि खरं कारण लिहा. ते म्हणाले की असलं कारण कागदावर बरं दिसत नाही. मी म्हणालो की खोटं तर त्याहून वाईट दिसतं, आणि खुर्चीवरून उठलो नाही. तासाभराने खोडलं. लिहिलं: माणूस मागे उभा असल्याने नमुना देता आला नाही. खाली मी सही केली, पूर्ण नावानिशी.

रक्त स्वच्छ निघालं. आज सकाळी बाटली घेऊन केबिनमध्ये चढलो. दुपारी तो पलीकडचा क्रेनवाला आला, इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं की ती कडी आतून नीट लागते ना.

आता हे पत्र आईला दाखव. बाबांचंही सांग.

भर यार्डात मूठ वर केलेला,
चिमण


२७ मार्च

चि. चिमण यास,
अ. उ. आ.

शाब्बास रे माझ्या वाघा!

पत्र दाखवलं. बाबांचंही सांगितलं. तुझी आई म्हणाली की या एका गोष्टीवरून ती त्यांच्याशी आयुष्यभर भांडली. माझ्यावर चिडली, आणि ते बरोबरच आहे. मग रडली. डोळे पुसून म्हणाली की एका शब्दाने सांगितलं असतं, तर त्या पडद्याबाहेर ती लाटणं घेऊन बसली असती, घरातल्या कुणाची तिकडे फिरकायची हिंमत झाली नसती.

आता तिला पेन हवंय, म्हणून आवरते. पाणी पी.

तुझीच,
मावशी

चिमण, त्या तपासनिसाला निरोप दे. पुढच्या वेळी तुझ्यामागे मी उभी राहणार आहे. तुझ्याकडे पाठ करून, त्याच्याकडे तोंड करून.
आई