खाडाबाईस

चुडावा,
१८ जानेवारी

प्रिय सुकेशनी,

जयभीम. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे तुला फोनवर सांगते तेवढे ठीक.

तुझं पत्र परवा आलं. पाकिटावर ट्रेनिंग सेंटरचा शिक्का बघून आई घाबरली. "पोलिसाचा कागद आलाय बाई, काय केलंस?" म्हणून मला विचारायला लागली. ऐन ऊसतोडीत आई घरी कशी, हे तुझ्या मनात आलंच असेल. सांगते, पण आधी बाकीचं ऐक.

तुझ्या आईची काळजी करू नकोस, कुसुममावशी मजेत आहे. रोज संध्याकाळी येते आणि तुझा वर्दीतला फोटो हातात घेऊन बसते. तो मी इतक्यांदा पाहिलाय की तुझी टोपी डाव्या बाजूला किती कललीय हेही मला पाठ झालंय. गोपीचंद सरांच्या ग्राउंडवर भरतीच्या तयारीला नव्या पोरी आल्यात. सर तेच, शिट्टी तीच आणि शनिवारचं भाषणही तेच: "पोरींनो, पळून हाड झिजतं आन् झोपून भरतं. उद्या कुणी ग्राउंडवर दिसायचं न्हाई. सोमवारी भरलेलं हाड घिऊन या."

आठशे मीटर आता किती मिनिटांत, असं तू विचारलंस. तेही सांगते.

पण तुझ्या पत्रात सगळ्यात खाली, कागद संपत आल्यावर बारीक अक्षरात तू जे लिहिलंस, ते वाचून मला जेवण गेलं नाही. "नडगी दुखायलीय. पट्टी बांधून पळते. कुणाला सांगितलं नाही. इथं मला खाडाबाई व्हायचं नाही."

ते नाव मीच ठेवलं होतं तुला. तू सरांचं ऐकून रविवारी खुशाल झोपायचीस, दुपारी डोक्याला तेल लावून ओट्यावर बसायचीस आणि मी येता-जाता चिडवायची, "काय खाडाबाई, झाली का झोप?" तू हसायचीस. मला वाटायचं, लागत नसेल हिला. लागत होतं वाटतं.

आमच्या घरातली गत तुला माहीत आहे. ऊसतोडीत एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो आणि मुकादम दंड लावतो. ताप असो, पाळी असो, पोट धरून बसायची वेळ असो, नाव एकच, खाडा. मी उसाच्या फडातच वाढले. कामाशिवायच्या दिवसाला दुसरं काही नाव असतं, हे मला माहीतच नव्हतं. सर "आराम" म्हणायचे आणि मला "खाडा" ऐकू यायचं.

दिवाळीनंतर तू गेलीस, आईबाबा फडावर गेले आणि मी एकटी उरले. मागच्या पोलीस भरतीत माझं थोडक्यात हुकलं, यंदा सोडायचं नाही असं ठरवलं होतं. एका रविवारी आईचा फोन आला. "पळून आलीस का?" मी म्हटलं, "नाही, आज सरांनी सुट्टी दिलीय." आई अगदी हळू आवाजात म्हणाली, "खाडा पडला का बाई? दंड तर न्हाई ना लागायचा?"

रागाने नाही गं. काळजीने विचारलं तिने. पण मी फोन ठेवला, बूट घातले आणि रेल्वेच्या कडेच्या रस्त्याने पूर्णेकडं पळत सुटले. त्यानंतर एकही रविवार सोडला नाही. सरांना कळू नये म्हणून ग्राउंडवर जायची नाही, एवढाच काय तो शहाणपणा.

नडगी दुखायला लागली तेव्हा मी पण पट्टी बांधली. आधी पळताना दुखायची, मग चालताना, मग नुसतं पडल्या पडल्या. सरांनी एकदा विचारलं, "पाय ओढायलीस का?" मी म्हटलं, "नवे बूट चावायलेत सर." बूट दोन वर्षांपूर्वीचे होते.

डिसेंबरात, रविवारीच, त्या रस्त्यावर माझी नडगी मोडली. खड्डा नव्हता, दगड नव्हता, कुणाचा धक्का नाही. नुसता पाय टेकवला आणि वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. मला वाटलं, दुसरंच काही मोडलं. मग उठायला गेले.

परभणीला ऑपरेशन झालं. आत सळई आहे. डॉक्टर म्हणाले, हाडाला आधीच चीर गेली होती, तेव्हाच थोडे दिवस थांबली असतीस तर आपोआप भरलं असतं. "पळता येईल ना?" असं मी विचारलं, तर त्यांनी एक्स-रेचा फोटो पाकिटात परत घातला आणि म्हणाले, आधी नीट चालायला लाग. आठशे मीटरचं उत्तर हेच आहे, सुकेशनी. मी रोज बाजेपासून दारापर्यंत जाते, तेही काठीने.

तुला कळवायचं नाही, अशी शपथ कुसुममावशीला मीच घातली होती. तिच्यावर रागावू नकोस. तुझं ट्रेनिंग बिघडू नये एवढंच मनात होतं. आणि खरं सांगू, तू वर्दीत आणि मी बाजेवर, हे लिहायला माझा हात उचलेना.

म्हणून आई घरी आहे. फड सोडून आली. जन्मात पहिल्यांदा खाडा केला तिने, तोही माझ्यासाठी. बाबा तिकडे एकटेच तोडतात. आल्यापासून ती एक मिनिट बसत नव्हती, झाडलेलं अंगण परत झाडायची. "म्या त्या दिशी इचारलं नसतं तर," असं पुटपुटायची. मी सांगते, तुझं काही नाही गं. तिला ते पटत नाही, आणि मलाही नीट सांगता येत नाही.

काल दुपारी तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ऐकून ती माझ्या बाजेशेजारी खाली आडवी झाली. दिवसाउजेडी आडवी झालेली आई मी कधी पाहिली नव्हती. छताकडं बघत म्हणाली, "तुमचे सर सांगतेत त्या बसण्याला काय म्हणतेत?"

"विश्रांती."

"त्येला दंड न्हाई?"

"नाही आई."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "आपल्याला कुणी सांगितलंच न्हाई." आणि भिंतीकडं तोंड करून रडली. मी खाली वाकूही शकत नव्हते. वरून नुसता हात तिच्या डोक्यापर्यंत पोचवला.

आता माझं एवढं ऐक. नडगीवर एक बोट ठेवून दाब. एकाच जागी कळ निघाली तर पळू नकोस. पण नाही निघाली तरी हे पत्र वाचून झालं की तशीच उठ आणि तुझ्या ट्रेनिंगच्या बाईंना सांग. मुली हसतील, हसू दे. चार दिवस बसावं लागेल, बस. डोक्याला तेल लावून खुशाल बस. आपल्या दोघींत पळणारी आता तूच उरलीस.

आणि ते नाव मी परत घेते. यापुढे कुणी तुला तसं म्हणालं तर सांग, ती चुडाव्याला असते, बाजेवर.

तुझी,
खाडाबाई