रंभाजी जालनेकराची जन्मनोंद

लिहून ठेवणार: तातेराव निवृत्ती सोनकांबळे, वय वर्षे सत्तावन्न, धर्म बौद्ध, धंदा पुस्तकबांधणी, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद, आंध्र प्रदेश. मूळ गाव कंधार तालुक्यात, जिल्हा नांदेड, जो आता दुसऱ्या राज्यात आहे.

मी हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने लिहीत आहे. हा उन्हाळा निघणे कठीण आहे असे डॉक्टरांनी सांगितले. बिघाड छातीत आहे, डोक्यात नाही. हात कापतो म्हणून अक्षर नेहमीसारखे नाही, पण ते माझेच आहे. यापूर्वी एक मृत्युपत्र केले होते, ते परवा मी स्वतः फाडले. त्यातला एकही शब्द आता धरू नये.

कलम एक. नल्लकुंट्यातील दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, मागच्या मोरीसह व शेवग्याच्या झाडासह, माझी पत्नी केसरबाई हिला देतो. तिने ते ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे. आम्हांला मूलबाळ नाही. माझा धाकटा भाऊ हणमंतराव याचा घरात काही हिस्सा नाही. आमच्या घरी फासे खुळखुळतात म्हणून मी जुगारी आहे, असे त्याने गावभर सांगितले होते. त्याला माझी कोऱ्या पानांची बांधीव वही द्यावी. बोलण्याआधी लिहून पाहण्याची सवय लागली तर बरे.

कलम दोन. पोस्टातील शिल्लक केसरबाईची. तिच्या सहीचा कागद पोस्टात आधीच दिला आहे.

कलम तीन. काचीगुड्याच्या दुकानातील लोखंडी दाब, कापण्याची मोठी सुरी, दाभणे, हाडाची पट्टी आणि खळ शिजवायचे पातेले चतुराबाईला द्यावे. तिने नऊ वर्षे माझ्याकडे जुजा, म्हणजे घडी केलेल्या पानांचे जुडगे, शिवल्या. तिची शिवण माझ्यापेक्षा सरळ येते. हे तिच्या तोंडावर मी कधी बोललो नाही, कारण मला ते बघवत नसे. आता बोलतो.

कलम चार. खेळाची पेटी, गड्यांची कार्डे व जन्मनोंदीची वही. याबद्दल नुसते 'देतो' लिहून भागणार नाही.

१९५३ साली बरकतपुऱ्यात राहणारे एक अमेरिकन साहेब मुदत संपवून स्वदेशी निघाले. त्यांची पुस्तके मी बांधून दिली होती. घर रिकामे करताना त्यांनी ही पेटी मला दिली. मला दिली, एकनाथरावांना नव्हे, हे स्पष्ट नोंदवतो, कारण पुढे सगळे जण तिला 'एकनाथरावांचा खेळ' म्हणू लागले.

एकनाथराव टाकळीकर हे महसूल खात्यात कारकून, मूळचे परभणीकडचे, बायको लवकर गेलेली. त्यांच्या कचेरीची जुनी दप्तरे बांधायला माझ्याकडे येत, तशी ओळख. पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा जात न विचारता पाणी मागून प्यायले. ते मी विसरलेलो नाही. हेवा करणाऱ्या माणसालाही चांगले आठवते.

पेटीत दोन फासे, एक रंगीत पट, गड्यांची कार्डे आणि नियमांचे इंग्रजी पुस्तक होते. मला इंग्रजी येत नाही. एकनाथरावांनी दोन संध्याकाळी बसून सगळे मराठीत समजावले. खेळाचे नाव बेसबॉल. एक गडी चेंडू फेकतो, समोरचा सोट्याने मारतो, आणि चार गाद्यांना पाय लावत धावत मूळ जागी परत आला की एक धाव. पटावर तेच फाशांनी खेळायचे. प्रत्येक गड्याचे एक कार्ड. फाशांची जी बेरीज पडेल त्यापुढे काय घडले ते कार्डावर लिहिलेले. हा खेळ खरोखर खेळताना आम्ही दोघांनी जन्मात पाहिला नाही.

पेटीतल्या कार्डांवरची अमेरिकन नावे आमच्या जिभेवर बसेनात. मी म्हटले, आपले संघ आपणच करू. हेही माझेच म्हणणे. आठ संघ केले: काचीगुडा, अंबरपेठ, नल्लकुंटा, वरंगळ, नांदेड, परभणी, जालना, लातूर. प्रत्येकात चौदा गडी. एकशे बारा कार्डे मी पुठ्ठ्यातून कापली, कडा घासल्या, वर कापडाची पट्टी चिकटवली. प्रत्येक गड्याचे नाव, वय, जन्मगाव, डावा की उजवा, हे मी एका वहीत लिहिले. असे काम हैदराबादेत दुसरा कोणी करून दाखवील तर मी कबूल करीन.

चार संघांचे गडी मी योजले, चार संघांचे एकनाथरावांनी. माझे गडी नीट होते. कोणी पंचवीस वर्षांचा, कोणी तीस, सगळे हिशेबी. एकनाथरावांचे गडी बोलत. सोनारकाम सोडून आलेला, भावाशी कोर्टकज्जा चालू असलेला, पाऊस आला की खेळायला नकार देणारा. आणि रंभाजी जालनेकर. डावखुरा, चेंडू फेकणारा, गवंड्याच्या हाताखाली विटा उचलून खांदा तयार झालेला, आणि सासूला वाघाला भ्यावे तसा भिणारा.

एकनाथराव फासे टाकण्याआधी स्वयंपाकघराकडे तोंड करून रंभाजीच्या आवाजात म्हणत, "वहिनी, आज खांदा धरलाय बघा. एक वीट तापवून द्या शेकायला."

केसर आतून म्हणे, "वीट कशाला भाऊजी, तुमच्या सासूला बोलवा. आपोआप सुटेल."

आणि हसे. लग्नाला तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती. तिचे ते हसणे मी पूर्वी ऐकले नव्हते. हळूहळू ती दारात येऊन बसू लागली. रंभाजीच्या बायकोला नाव नाही म्हणून तिने नाव दिले, मालनबाई. एकदा मला भाजी वाढताना म्हणाली, "रंभाजीला कारलं आवडत नाही." मी म्हटले, "मलाही आवडत नाही." ती म्हणाली, "हौ? कधी सांगितलं नाही तुम्ही."

माझ्या बायकोवर किंवा एकनाथरावांवर मी कसलाही आळ घेत नाही. दोघेही पाण्यासारखे स्वच्छ. वाईट वागणूक असती तर भांडता आले असते. चांगल्या माणसाचा हेवा वाटला तर तो ठेवायचा कुठे?

१९५६ च्या ऑक्टोबरात मी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली. परत आलो तेव्हा केसरने दारातच सांगितले की हैदराबाद राज्य मोडत आहे, मराठवाडा मुंबईकडे जाणार आणि एकनाथरावांची बदली औरंगाबादला झाली आहे. म्हणजे ही बातमीही तिला आधी कळली. मी नवा माणूस होऊन आलो होतो. ते सांगायचे राहून गेले.

संघांचे काय करायचे हा प्रश्न आला. एकनाथराव म्हणाले, "सरकार करतंय तसंच करू. ज्याचा जन्म मराठवाड्यातला तो माझ्यासोबत. बाकीचे मुलकी, ते तुमच्याकडं." मुलकी म्हणजे इथलाच, हे हैदराबादेत कोणाला सांगावे लागत नाही. जन्मनोंदीची वही माझ्याकडे होती. वाटणी रविवारी ठरली.

शनिवारी मी दुकान आतून बंद केले, वहीची शिवण उसवली, रंभाजीचे पान काढले, तशाच कागदावर नवे पान लिहून आत घातले, पुन्हा शिवले आणि वहीच्या पाठीला खळ लावली. जुन्या पानावर जन्मगाव जालना होते. नव्यावर अंबरपेठ. आयुष्यात इतके बेमालूम काम मी केले नाही.

रविवारी एकनाथराव एकेक पान उलटत गेले. त्या पानावर त्यांचा अंगठा थांबला.

"अंबरपेठ," ते म्हणाले. "बरं." आणि आत वळून म्हणाले, "वहिनी, चहा टाकता का?"

रंभाजी माझ्याकडे राहिला. एकनाथराव काचीगुडा स्टेशनवरून गेले. केसर स्टेशनवर आली नाही, घरीच भांडी घासत बसली. त्या भांड्यांचाही मला राग आला.

पुढच्या रविवारी मी एकट्याने दोन्ही बाजूंचे फासे टाकले. केसर दारात येऊन बसली. "आज काय म्हणाला रंभाजी?"

"पहिल्या डावात तिघांना बाद केलं."

"ते नाही विचारलं."

मला रंभाजीसारखे बोलता येईना. घसा साफ केला, आवाज जाड केला, पण निघाला तो माझाच आवाज, दप्तराच्या तारखा सांगावा तसा. दोन महिन्यांनी ती दारात येईनाशी झाली. मग मी रंभाजीला खेळवणे बंद केले. कार्ड पेटीच्या तळाशी ठेवले. ज्याच्यासाठी चोरी केली त्याचेच तोंड मला पाहवेना.

१९५८ साली केसर भाचीच्या लग्नाला औरंगाबादेस गेली, तेव्हा एकनाथरावांना भेटली. परत आल्यावर तासभर त्यांच्या नव्या गड्यांबद्दल बोलत होती. तिकडे कोणी मुख्याध्यापक त्यांच्याशी खेळतात. मी म्हटले, "तिकडंच राहायचं होतंस."

ती म्हणाली, "तिकडं तो माणूस तुमचंच विचारत होता. कार्डं कापायला तुमच्यासारखा हात नाही म्हणे." आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. कौतुकसुद्धा त्याच्या तोंडून आले तर मला गोड लागेना.

पूर्वीच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की पेटी व कार्डे माझ्यासोबत जाळावीत आणि एकनाथरावांना काही कळवू नये.

गेल्या गुरुवारी ते न कळवता आले. केसरने पत्र घातले होते, मला न विचारता. खाटेजवळ बसले. केस पार पिकलेत. मला धाप लागली होती, तरी मी रंभाजीच्या पानाचे सगळे सांगून टाकले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "पान उलटलं तर खळीचा वास आला. ओली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुम्हांला तो एवढा हवा होता. मी जाणारच होतो. म्हटलं, असू दे, सोबत होईल." मग पुढे वाकून म्हणाले, "कसा खेळतोय?"

मी सांगितले की तीन वर्षे खेळवला नाही. पेटीच्या तळाशी आहे.

एकनाथराव उठून उभे राहिले. सात वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "चोरलात ते चाललं, तातेराव! पण नेऊन बसवून ठेवलात? कशासाठी? तो काय तुमच्या दुकानातला पुठ्ठा आहे?" चप्पल घालून निघून गेले. चहा तसाच राहिला. केसर माझ्याकडे न पाहता कप उचलून आत गेली.

खरे लिहायचे तर त्या रात्री मला चांगली झोप लागली. त्यांनाही काही सहन होत नाही, हे मला पहिल्यांदा दिसले.

शुक्रवारी ते परत आले. त्यांनी पेटी उघडली, पट मांडला, रंभाजीचे कार्ड पुसून माझ्यापुढे ठेवले. "टाका फासे."

"तुम्ही बोला त्याच्यातर्फे," मी म्हटले.

"मी का बोलू? तो तुमच्याकडचा मुलकी."

मी फासे टाकले. पहिल्याच चेंडूला समोरच्याने जोराचा फटका मारला, एक धाव गेली. दुसऱ्याला पुन्हा तेच. धाप लागत होती, संताप येत होता, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "काय करू राव, तीन वर्षं अंधारात बसून गुडघे धरलेत. आणि सोबतीला कोण, तर हा तातेराव. सासू परवडली!"

आवाज माझाच होता, खोकल्यासकट. पण आत केसर हसली. भांडे हातातून पडले तिच्या. दारात येऊन पदर तोंडाला लावून हसत राहिली, माझ्याकडे बघून.

मी एकनाथरावांकडे पाहिले. तेही हसत होते, पण मान खाली घालून फासे गोळा करत होते, आणि दाराकडे पाहण्याचे टाळत होते. तसे टाळणे मी ओळखतो. पुष्कळ वर्षे मीच करत आलो. मला बरे वाटले आणि लगेच वाईटही वाटले. कोणते आधी ते सांगता येत नाही.

सामना आम्ही अकरा विरुद्ध दोन हरलो.

म्हणून आता असे ठरवतो. जन्मनोंदीच्या वहीत रंभाजीचे गाव पुन्हा जालना केले आहे, उघड काट मारून व खाली सही करून. एकनाथराव कार्ड न्यायला तयार नाहीत. "राहू द्या इथंच," म्हणाले. "बदली होऊन आलाय समजा." तेव्हा पेटी, पट, फासे, वही आणि माझ्याकडची सर्व कार्डे, रंभाजीसह, केसरबाईला देतो. फासे कसे टाकायचे ते तिला येते. इतकी वर्षे दारातून पाहिले आहे. तिने खेळावे आणि निकाल एकनाथरावांना औरंगाबादेस पत्राने कळवावा. तिला लिहिता येते, सावकाश. त्यांनी त्यांच्याकडचा निकाल कळवावा. रंभाजीने त्या दिवशी काय म्हटले तेही एकमेकांना लिहावे.

हे मला आवडत नाही. तरी परवानगी देतो, कारण मेल्यावर मनाई करून उपयोग नाही आणि मनाई केली तर ती हसणार नाही.

अट एकच: पत्रे खेळापुरतीच असावीत. ही अट दोघेही पाळणार नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी ती या कागदावरून कोणी खोडू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि तो माझ्या मनाप्रमाणे आहे. खाली नावे दिलेल्या दोघांसमोर मी सही केली व माझ्यासमोर त्यांनी केली. दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही.

सही: तातेराव निवृत्ती सोनकांबळे

साक्षीदार:
१. मुकुंदराव दिगंबरराव उमरीकर, निवृत्त शिक्षक, राहणार बरकतपुरा
२. प्रतापराव लक्ष्मणराव हाडोळे, दुकानदार, राहणार अंबरपेठ

ठिकाण: नल्लकुंटा, हैदराबाद
तारीख: २१ मार्च १९६०, सोमवार