पांढरी पट्टी

मोठे चित्रकार करणसाहेब,

आई गेली तवा तुले यायले टाइम भेटला नाही, अन् आता तिच्या नावाचं चित्र! पोरीनं मोबाईलवर दाखवलं. ना नाक, ना डोळे, नुसते रंगाचे पट्टे. लोक म्हणे वा वा करून राह्यले. लोकायले काय कळते? हिरव्याले राणी कलर खेटून लावला तू! गोधडी शिवताना आई त्या दोघायच्या मधात धोतराची पांढरी पट्टी टाके. म्हणे, नाहीतर भांडतात. इतकंही ध्यानात नाही राह्यलं तुह्या?

तुही चूक दाखवाले म्हणून आईच्या लुगड्यायची पेटी उघडली, ती गेल्यावर पहिल्यांदाच. तुह्यासारखेच तुकडे खेटून शिवले.

भांडत नाहीत रे.

हे कळलं तर तू आणखी फुगशील, म्हणून पत्र टाकत नाही.

तुही बहीण,
उज्ज्वला
मानोरा