साबणदाणीच्या बदल्यात

नागपूर, २ फेब्रुवारी १९७९

तीर्थस्वरूप गोपाळराव भाऊजींना रुपरावचा साष्टांग नमस्कार. सावनेरची थंडी ताईला बाधत नाही ना? आम्ही इकडे खुशाल आहोत, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

नाताळात कस्तुरचंद पार्कवरच्या प्रदर्शनाला गेलो होतो. एका स्टॉलवर अर्ज भरला की प्लास्टिकची साबणदाणी फुकट. माझी नोकरी तुम्हाला ठाऊक आहे. बावीस वर्षे कचेरीत लोकांचे अर्ज तपासतो आणि एक रकाना कोरा दिसला की परत करतो. मग स्वतःच्या अर्जात कोरा कसा सोडणार? घरातली माणसे, त्यांची वये, त्यांची दुखणी, सगळे सुवाच्य अक्षरात लिहिले. माझे टक्कल, हिचे पित्त आणि आपल्या पोरीचे, उत्तराचे (शाईने खोडलेले).

तो अर्ज पुढे कुठे कुठे फिरला देव जाणे. आठवड्याभरात तेलवाला आला आणि दारातूनच माझ्या डोक्याची चौकशी करू लागला. चूर्णवाल्याने हिचे वय ओसरीवरून मोठ्याने सांगितले. (त्या दिवशी मला जेवण फार उशिरा मिळाले.) उत्तराच्या नावाने मात्र तिच्या दुखण्यावरच्या औषधांची पोस्टकार्डे आली, आणि पोस्टकार्ड म्हणजे पोस्टमन धोंडबापासून साऱ्या गल्लीने वाचायचे. नळावर शेजारच्या अंजनाबाईंनी विचारलेच, "काहून वं उत्तरा, आमाले कधी सांगितलं नाही तुनं?" पोरगी रिकामी बादली घेऊन परत आली आणि माझ्याशी बोलेनाशी झाली. भाऊजी, मला फार वाईट वाटले. जे तिने सख्ख्या मैत्रिणीला सांगितले नव्हते, ते मी एका साबणदाणीसाठी देऊन बसलो.

जाहिरातींशी माझे वैर नाही. सिनेमाआधी दाखवतात त्या मी आवडीने पाहतो. त्या सगळ्यांना सारख्याच दिसतात. ही मंडळी आधी घरात डोकावतात आणि मग दार वाजवतात. एक एजंट तर म्हणाला, "लपवाचं काय आहे साहेब तुमच्यापाशी?" मी म्हटले, चोरी केलेली नाही, पण आंघोळ दार लावूनच करतो. शेवटी टपालपेटीच्या फटीवर फळी ठोकली आणि फाटकावर पाटी लावली, 'या घरात कोणीही आजारी नाही.' दुसऱ्याच दिवशी विम्याचा एजंट आला.

कुसुमताईला नमस्कार सांगावा.

आपला,
रुपराव

ता. क. – त्या अर्जात दोन नातेवाइकांसाठीही रकाने होते. पहिल्यात तुम्ही आहात, दुसऱ्यात ताई. ताईचे गुडघे आणि तुमची कवळी, दोन्ही लिहिली आहेत. कोणी औषधांची पेटी घेऊन आला तर कृपा करून दार उघडू नका, आणि ताईला माझे नाव सांगू नका.

पुन्हा ता. क. – पाकीट बंद करण्याआधी पत्र उत्तराला वाचायला दिले. तिला आधी विचारायला हवे होते, हे मला इतक्या उशिरा सुचले. तिने वर एका ठिकाणी खोडले आणि नऊ दिवसांनी पहिल्यांदा बोलली, "बाबा, हे कोणाले सांगायचं ते मी पाहीन." तेव्हा भाऊजी, तो कागद दिव्यासमोर धरून पाहू नका.