संध्याकाळचं दूध

प्रिय टकळीबाई,

समोर बसलो की जीभ रेटत नाही, म्हणून लिहितोय. पाना फिरवणाऱ्या हाताचं अक्षर आहे, खुशाल नावं ठेव. तुझ्या डाव्या डोळ्याला अजून नीट दिसतं असं सिस्टर म्हणाल्या, म्हणून मोठं काढलंय.

घरी धाकटी तुझ्या कुंड्यांना पाणी घालते, जरा जास्तच घालते. परवा मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा नळ बदलला. पाइप वरून रंगवलेला, चकचकीत, पण आतून इतका गंजलेला की करंगळी जाईना. तो हातात घेऊन मी जिन्यातच बसलो. बाईंना वाटलं, प्लंबरला चक्कर आली. तुझ्या डॉक्टरांनी कागदावर नसा काढून सांगितलं होतं, की सिकलसेलच्या वाकड्या पेशी नसांना आतून खरवडतात, आणि चढवलेल्या रक्तातलं लोह बाहेर न पडता यकृतात, हृदयात साठत जातं, नसांनाही सोडत नाही. तेव्हा मी नुसती मान हलवली होती. मला आयुष्यभर हीच खोड. कळलं नाही तरी मान हलवायची, अडाणी दिसायला नको म्हणून.

तू पोटात होतीस तेव्हा तुझी आई अशीच पांढरीफटक पडली होती. लोहाच्या टॉनिकने महिन्याभरात तिच्या गालांवर रंग आला. ती गेल्यावर मला तेवढंच एक औषध ठाऊक उरलं.

तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस तू विसरली नसशील. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, लोह उतरत नाही म्हणजे मुलगी लोह उतरवायच्या गोळ्या चुकवतेय. तू आईची शपथ घेतलीस. मी सगळ्या वॉर्डासमोर तुला खोटारडी म्हणालो. पुढे दोन महिने रोज सकाळी गोळी गिळल्यावर तुला तोंड उघडून दाखवायला लावलं. तुझी टकळी बंद झाली ती तेव्हापासून. मला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

गेल्या सोमवारी नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी लोहाचं काही टॉनिक वगैरे देता का? मी नाही म्हणालो. मग बाहेर बाकावर बसलो तेव्हा कळलं, त्या हे का विचारत होत्या. तुला टॉनिक नको असायचं. डॉक्टरांनी मनाई केलीय म्हणायचीस, मला ती चवीची सबब वाटायची. म्हणून मी ते संध्याकाळच्या दुधात, चॉकलेटच्या पावडरीत मिसळून देत आलो, सहा वर्षं. दूध भांड्याला लागलंय का बाबा, म्हणून तू नाक मुरडायचीस आणि माझ्याकडे बघून संपवायचीस. तुझ्या अंगात साठलेलं लोह किती त्या बाटलीचं आणि किती रक्ताच्या पिशव्यांचं, हे आता कुणीच सांगू शकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हो, काल त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावण्यासारखं काही उरलं असतं तर रागावल्या असत्या.

तू खोटं बोलत नव्हतीस, बाळा. एक गोळीसुद्धा चुकवली नव्हतीस. हे तुला मी सांगायला हवं, आणि तू ऐकण्यासारखी आहेस तोवर सांगायला हवं, एवढ्यासाठी हे पत्र. परवा तू म्हणालीस, इथलं काही गोड लागत नाही, बाबा, तुमच्या हातचं दूध आणा. मी दोन्ही दिवस रिकाम्या हाताने आलो, ते विसरलो म्हणून नाही.

तुझाच,
मान हलवणारा बाबा