करियाची वर्दी

३ फेब्रुवारी १९७४
सुटलो बुवा जेऊरमधून! आजपासून मी सोलापूरकर आणि रुद्रप्पांचा घरजावई. लोक नावं ठेवतील, ठेवू देत; गावात माझी काय आरती ओवाळत होते? खाली सासऱ्यांचं धान्याचं दुकान, वर आम्ही. सासूबाईंनी, म्हणजे गुरम्मांनी, शेंगापोळ्या इतक्या वाढल्या की पाटावरून उठवेना. बायको बसव्वा कानडीत बोलते आणि मराठीत लाजते. दुकानातला काळा कुत्रा करिया कुणाला जवळ येऊ देत नाही म्हणे, पण माझ्या पायाशी येऊन बसला. मला फेफरं येतं हे यांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर पोरगी दिली असती होय?

११ फेब्रुवारी
पोत्यांच्या थप्पीवर चढत होतो, तर करियानं धोतर धरून खाली ओढलं. लाथ घालणार होतो. तो अंगावर येऊन भुंकत सुटला, मी चडफडत खाली बसलो आणि लगेच फेफरं आलं. वर असतो तर मान मोडली असती. लबाडाला आधीच कळलं होतं! शुद्धीवर आल्यावर त्याला पोटाशी धरून रडलो. बसव्वानं सगळं पाहिलं. कुणाला सांगायचं नाही म्हणून तिला शपथ घातली.

१९ फेब्रुवारी
बसव्वानं करियाचं कौतुक आईला सांगितलं. झालं! फसवलं, फसवलं म्हणून घर डोक्यावर घेतलं. सासऱ्यांनी माझ्या फेफऱ्यावरच्या लपवलेल्या गोळ्या मोरीत ओतल्या. सासूबाईंनी अक्कलकोटकडचा एक म्हातारा आणला. तो म्हणतो, बाधा अंगात शिरायच्या आत कपाळावर डाग दिला तर ती माघारी फिरते. पण ती कधी येते हेच कुणाला कळत नाही. मग सगळे करियाकडे बघायला लागले. तो येडा शेपूट हलवत होता.

२२ फेब्रुवारी
खोलीला बाहेरून कडी. करियाला दाराबाहेर बांधलंय, त्याला दूधभाकरी चालू आहे. खाली शेगडीत उलथनं तापतंय. जिन्यात दोन हमाल बसवलेत. बसव्वा रडते आणि म्हणते, एकदाच सोसा.

२४ फेब्रुवारी
काल डागलं. करिया भुंकला आणि हे धावत आले. फेफरं आलंच. म्हातारा म्हणतो उशीर झाला — पुढच्या वेळी टाळूवर.

२७ फेब्रुवारी
फटीतून करियाला शिव्या घातल्या. थुंकलो. जा म्हटलं, मर म्हटलं. तो फट चाटत राहिला. बांधलेला जाणार तरी कुठं —

१ मार्च
करिया उठलाय. कण्हतोय. अजून भुंकला नाही —
गप रे राजा. पाया पडतो तुझ्या —
मी जमिनीवरच आहे, पडणार नाही कुठं —
भुंकला. कळलं रे, मला कळलं, तुझं काम झालं, आता गप — जिन्यात पाय —
करिया, ग