मुलाच्या नोकरीसाठी मी लिहवून घेतलेला अर्ज

आदरणीय मेहुणेबुवा यांस,

नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात तुमच्या बहिणीचे गुडघे बोलतात आणि ती स्वतः माझ्याशी बोलत नाही. तुमची पाठ कशी आहे? दिवसभर कुलपांच्या दुकानात वाकून किल्ल्या घासता, जरा जपा. (तुमच्या पाठीवर आता आमचीही भिस्त आहे. कशी, ते पुढे येईल.)

तुमचा भाचा विमा कंपनीत चिडलेल्या गिऱ्हाइकांना गोड उत्तरं लिहितो, हे तुम्ही जाणताच. आमच्या वडिलांनी पोती वाहिली, मी शिपाई म्हणून ऑफिसच्या दाराशी उभा राहिलो, तेव्हा कुठे हा आत खुर्चीवर बसला. आता तिथे पत्रं लिहिणारं यंत्र आलं आहे. त्याला पगार नाही, रजा नाही, ते चहाला उठत नाही. मुलगा ताटात नुसती बोटं फिरवत बसतो.

शिपाईगिरीत मी एक शिकलो. नवा साहेब आला की इतरांच्या आधी जाऊन भेटावं, म्हणजे गरिबाचा चेहरा त्याच्या लक्षात राहतो. म्हणून इस्त्रीचा सदरा घालून मुलाच्या कंपनीत गेलो आणि रखवालदाराला विचारलं, नवे यंत्रसाहेब कुठल्या मजल्यावर बसतात? तो म्हणाला, "आजोबा, ते तुमच्या खिशातल्या फोनमध्येच बसलेत!" मी घाईघाईने फोन बाहेर काढला. (साहेबाला खिशात कोंबून वर चष्म्याचं घर ठेवणं बरं दिसत नाही.)

मग रखवालदाराकडून बटणं दाबून घेतली आणि जिन्यावर बसून सगळी हकीकत यंत्राला सांगितली. फार लाघवी आहे हो. मुलाला काढू नये असा अर्ज त्याच्या साहेबांना लिहून देऊ का, असं त्यानेच विचारलं. स्वतःच्या विरुद्धचा अर्ज स्वतःच लिहून देतो म्हणजे केवढं मोठं मन! अर्ज असा उतरला की वाचताना मलाच माझी कीव आली. कोपऱ्यावरच्या दुकानात तो छापून घेतला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून अदबीने उभा राहिलो. साहेबांनी वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. म्हणाले, "कुणी लिहिला हो इतका सुंदर?" मेहुणेबुवा, इथे मी तोंड मिटायला हवं होतं. पण साहेबाने विचारलं की खरं सांगायचं, ही हाडाची सवय. मी अभिमानाने फोन पुढे केला. साहेब हळूच म्हणाले, "आमच्याकडून असं पत्र कधी गेलं नाही." आणि पलीकडच्याच टेबलावर तुमचा भाचा मान खाली घालून बसला होता.

घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" त्यावर तुमची बहीण म्हणाली, "यांना कधी कुणी सांगावं लागतं का?" तेव्हापासून अबोला आहे. मला झोप नाही. वर चढायला आमच्या पिढ्या गेल्या. खाली यायला एक अर्ज पुरतो की काय?

बाकी सगळं ठीक. मुलाबाळांना आशीर्वाद.

आपला धास्तावलेला,
भावोजी

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. भाच्याला तुमच्या दुकानात घ्याल का? पाठ उत्तम आहे, अजून वापरलेली नाही.

ता. क. आणखी एक. मुलगा आत्ताच आला. त्याची नोकरी राहिली! बाकीची टेबलं हलवली, पण याला यंत्राने लिहिलेल्या पत्रांखाली सही करायला ठेवलं आहे. (गिऱ्हाईक भडकलं की शिव्या खायला माणूसच लागतो.) तेव्हा वरची विनंती रद्द समजावी.

ता. क. शेवटचा. जागा मात्र दुसऱ्या कुणाला देऊ नका. नात यंदा सातवीत गेली. हुशार आहे, वकील होणार म्हणते. ती मोठी होईपर्यंत लोक दाराला कुलपं लावतील ना? तुम्ही धंद्यातले. माझं मन राखायला म्हणून नको, खरं काय ते कळवा.